नगराचा नकाशा कोणाचा?

पुण्यात एके काळी घराचा ठावठिकाणा सांगताना हौदाचे नाव घेण्याची रीत होती. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नळाने शहरात आणले गेले आणि ठिकठिकाणच्या हौदांत ते खेळू लागले. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावे पुढे पाण्यापेक्षा ठिकाणांचीच होऊन बसली. पाणी कोठे मिळते, कोणत्या वेळी गर्दी कमी असते, कोणत्या हौदाचे पाणी चांगले, ही माहिती पेठेतल्या लहान पोरालाही असे. ती कागदावर मांडून ठेवावी असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. शहर लहान होते आणि त्याचा नकाशा लोकांच्या स्मरणात वसत होता.

परंतु या स्मरणातल्या नकाशाला एक मोठी उणीव होती. हौद कोठे आहे हे सर्वांस ठाऊक असले, तरी त्यावर घागर बुडविण्याचा अधिकार सर्वांस नव्हता. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा त्यांनी कोणाला नवी माहिती दिली नव्हती. हौद तेथे पूर्वीही होताच. सार्वजनिक सोयींच्या इतिहासात माहिती आणि अधिकार या दोन गोष्टी अशा निरनिराळ्या वाटांनी चालत आल्या आहेत. कधी अधिकार असून माहिती नसते, कधी माहिती असून अधिकार नसतो. आणि जेथे दोहोंची गाठ पडते, तेथेच नगर खऱ्या अर्थाने नागरिकांचे होते. ही गाठ पडावी म्हणून गेल्या पावणेदोनशे वर्षांत जे प्रयत्न झाले, त्यांचा मागोवा नगराच्या नकाशाच्या अंगाने घेण्यासारखा आहे.

या इतिहासाचा आरंभ बहुधा लंडनपासून केला जातो, आणि ते योग्यच आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीचा भयंकर उद्रेक झाला. थोड्याच दिवसांत त्या लहानशा वस्तीत सहाशेहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेमुळे पटकी पसरते हे त्या काळचे बहुमान्य मत होते. डॉक्टर जॉन स्नो यांचे मत निराळे होते. पटकीचे विष पाण्यावाटे पोटात जाते असे ते १८४९ पासून सांगत आले होते. पण पुराव्यावाचून त्यांचे कोण ऐकणार? सोहोमध्ये त्यांनी जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीतून मृतांची यादी मिळवली आणि घरोघर चौकशी केली. उद्रेकाच्या पहिल्या काही दिवसांतील ८३ मृत्यूंपैकी केवळ १० घरे अशी निघाली, की ज्यांना ब्रॉड स्ट्रीटवरील पंपापेक्षा दुसरा एखादा पंप जवळ पडत होता. त्या दहांतीलही पाच कुटुंबे चवीसाठी म्हणून ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी आणवीत असत, आणि तीन मुले त्या पंपाजवळच्या शाळेत जात होती. उलटपक्षी, जवळच्या गरिबांच्या आश्रयगृहात ५३५ माणसे राहत असूनही केवळ पाच दगावली. कारण तेथे स्वतंत्र विहीर होती. त्याच रस्त्यावरील मद्याच्या कारखान्यात सत्तरांहून अधिक कामगार होते, परंतु तेथे पटकीने कोणी मेले नाही. ते कामगार पंपाच्या पाण्याच्या वाटेला सहसा जातच नसत.

८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. या घटनेभोवती पुढे एक आख्यायिका तयार झाली: डॉक्टरांनी नकाशा काढला, दांडा निघाला आणि साथ थांबली. इतिहास इतका सरळ नसतो. दांडा निघाला तेव्हा साथ ओसरू लागली होती, भयाने लोक घरे सोडून गेले होते, आणि हे स्वतः स्नो यांनीच नमूद करून ठेवले आहे. तो सुप्रसिद्ध नकाशाही दांडा निघाल्यानंतर तयार झाला आणि १८५५ साली त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापला गेला. आजार शोधून काढण्यापेक्षा शोधलेली गोष्ट दुसऱ्यास पटवून देणे हे त्या नकाशाचे खरे कार्य होते. प्रत्येक मृत्यूसाठी घरापुढे एक काळी रेघ, आणि त्या रेघांमध्ये पाण्याचे पंप. एवढीच त्याची मांडणी. ती पाहणाऱ्यास वैद्यकाचे ज्ञान असण्याची गरज नव्हती.

त्याच मृत्यूंचा आणखी एक नकाशा त्याच वर्षी निघाला होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. लंडनच्या गटार विभागाचे अभियंता एडमंड कूपर यांनी मृतांची घरे आणि नवी गटारे एकत्र रेखाटली. कारण गटारांतील दूषित हवेमुळे साथ पसरली असा लोकांचा आरोप होता. गटारांचा दोष नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो चुकीचाही नव्हता. तथापि पंप त्यांच्या विचाराचा विषय नव्हते, म्हणून पंपाचे रहस्य त्यांच्या नकाशातून उलगडले नाही. नगराच्या कोणत्या सोयी कागदावर उतरवावयाच्या, हे ठरविणाराच पुढच्या प्रश्नांची उत्तरेही पुष्कळशी ठरवीत असतो. यासाठीच ही निवड एकाच कचेरीच्या हाती असणे घातक ठरते.

स्नो यांच्या यशात आणखी एका माणसाचा वाटा आहे. नोंदणी कचेरीचे आकडेतज्ज्ञ विल्यम फार हे दूषित हवेच्या मताचे होते. तरीही लंडनमधील मृत्यूंचे आकडे दर आठवड्यास छापून प्रसिद्ध करण्याची त्यांच्या कचेरीची शिस्त होती, आणि हे आकडे आपल्या मताच्या विरोधकालाही उपलब्ध असावेत यात त्यांना काही गैर वाटले नाही. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या एकाच गल्लीत पाणी पुरवीत होत्या. एक शहराच्या घाणीखालचे टेम्सचे पाणी उपसत होती, तर दुसरीने आपला उपसा नदीच्या वरच्या, स्वच्छ भागी नेला होता. कोणत्या घरात कोणाचे पाणी येते हे विचारून स्नो यांनी मृत्यूंशी त्याचा मेळ घातला, तो फार यांच्याच आकड्यांच्या आधारे. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा फार यांनी स्वतःच पाण्याकडे बोट दाखविले. आठ वर्षांपूर्वी, १८५८ साली, स्नो निवर्तले होते. माहिती उघडी ठेवणाऱ्या माणसाला त्याच माहितीने शहाणे केले, असा हा दुर्मीळ प्रसंग आहे.

सोहोच्या चौकशीत त्या भागाचे धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांचेही नाव घ्यावयास हवे. ते आरंभी स्नो यांच्या विरुद्ध मताचे होते. पण वस्तीतले प्रत्येक घर त्यांच्या ओळखीचे होते. ब्रॉड स्ट्रीटवरील ४० क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल साथीच्या आरंभी आजारी पडले होते आणि त्याच्या दुपट्यांचे पाणी पंपाच्या विहिरीलगतच्या खड्ड्यात टाकले जात होते, हा शेवटचा दुवा त्यांनीच शोधून काढला. कचेरीतील आकडे आणि वस्तीतील ओळख या दोहोंच्या संयोगाने तो नकाशा पूर्ण झाला. स्थानिक समितीच्या अहवालासाठी स्नो यांनी तो सुधारला, तेव्हा त्यात एक तुटक रेषा घातली. कोणत्या जागेपासून कोणता पंप चालत जाण्यास जवळ, हे ती रेषा दाखवी. हवेतून मोजलेल्या अंतराचा येथे उपयोग नव्हता. घागर घेऊन जाणाऱ्याला गल्लीबोळांतूनच जावे लागते, याचे भान त्या रेषेत आहे.

नकाशाने लोकांचे भले होते तसे अहितही होऊ शकते, याचाही दाखला लंडननेच दिला. १८८९ पासून चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या गरिबीचे नकाशे प्रसिद्ध केले. सात रंगांत रंगविलेल्या रस्त्यांमुळे दारिद्र्याचा विस्तार समाजाच्या डोळ्यांपुढे प्रथमच स्पष्टपणे आला, आणि पुढील सामाजिक कायद्यांना त्याचा आधार मिळाला. परंतु सर्वांत खालच्या वर्गाच्या काळ्या रंगाला त्यांनी दुर्वर्तनी आणि अर्धगुन्हेगार असा मथळा दिला होता. रस्त्यावर एकदा असा शिक्का बसला, की त्यावर राहणाऱ्या निरपराध माणसालाही तो आपल्या कपाळी वागवावा लागतो. सोयींची नोंद आणि माणसांची नोंद यांत भेद करावयास हवा, हा धडा तेव्हापासूनच मिळू लागला.

हिंदुस्थानात नकाशाचा जन्म निराळ्या कारणांनी झाला. सर्व्हे ऑफ इंडिया हे खाते १७६७ साली स्थापन झाले. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ झाला. १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात शेतजमिनीची मोजणी होऊन सारा ठरविण्यात आला. सैन्याने कोठून जावे आणि साऱ्याचा आकार किती बसावा, हे या मोजणीमागचे दोन मुख्य हेतू होते. शेताचा बांध हातभर इकडेतिकडे झालेला सरकारला चालत नसे; गावची विहीर उन्हाळ्यात आटते की नाही, हे नोंदविण्याची निकड मात्र त्याच मानाने कमी होती. मुंबई शहराची अत्यंत बारकाईची मोजणी १८६५ ते १८७२ या काळात लॉफ्टन यांच्या देखरेखीखाली झाली. तिच्या पत्रकांत घरे, गल्ल्या, विहिरी, तलाव उमटले. इतके तपशीलवार चित्र पूर्वी कधी निघाले नव्हते. पण ते सरकारी दप्तरासाठी होते. गिरगावातील रहिवाशाने ते पाहून पाण्याची तक्रार करावी, अशी त्यामागची कल्पना नव्हती.

मुंबईला विहारचे पाणी १८६० साली, तुळशीचे १८७९ साली आणि तानसाचे १८९२ साली मिळाले. तरीही १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगने तोंड काढले, आणि तो प्रथम ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे होते. प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत सुधारणा मंडळ नेमण्यात आले आणि जुन्या वस्त्यांमधून रुंद रस्ते काढण्याचा सपाटा सुरू झाला. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढणे सोपे असते. त्या रेघेखाली किती चुली होत्या, याची गणती कोणी फारशी केली नाही.

या पट्टीच्या राज्याला विरोध करणारा एक विलक्षण माणूस १९१४ साली या देशात आला. पॅट्रिक गेडिस यांचा जन्म १८५४ चा. म्हणजे ब्रॉड स्ट्रीटच्या साथीच्याच वर्षाचा. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि नगराकडे एखाद्या जिवंत वनस्पतीकडे पाहावे तसे पाहत असत. नियोजनाआधी पाहणी, उपचाराआधी निदान, हे त्यांचे सूत्र होते. सबंध वस्ती पाडण्यापेक्षा एखादे पडके घर काढून तेथे अंगण, विहीर, झाड यांना जागा द्यावी, असे ते सुचवीत. १९१६ साली त्यांनी बडोदे संस्थानासाठी अहवाल लिहिला आणि १९१८ साली इंदूर दरबारासाठी दोन खंडांचा. या दोन्ही नगरांत मराठी भाषकांची वस्ती मोठी होती आणि आजही आहे. गायकवाडांच्या आणि होळकरांच्या राजधान्यांत वाढलेल्या कुटुंबांना तेथील तलाव, घाट आणि बागा यांचे जे वर्णन आजीआजोबांकडून ऐकावयास मिळते, ते गेडिस यांच्या अहवालांत टिपलेले आहे.

इंदूरची एक हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. शहरात प्लेगचे भय होते. गेडिस यांनी संस्थानकडून दिवाळीच्या एका दिवसापुरता मिरवणुकीचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले, की ज्या आळ्या लोकांनी झाडून, डागडुजी करून, रंगवून सर्वांत स्वच्छ केल्या असतील, त्यांतूनच मिरवणूक जाईल. नेहमीचा राजमार्ग बदलला. मिरवणुकीची वाट लोकांच्या कामाने ठरली. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग निघाला, तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक गेडिसच झाले, आणि १९२४ पासून त्या विभागाची धुरा गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सांभाळली. नगराची पाहणी ही तज्ज्ञाची मिरास नसून नागरिकाचे शिक्षण आहे, हा गेडिस यांचा आग्रह त्या काळी काहीसा छांदिष्ट वाटला असेल. आज तो काळाच्या पुढचा वाटतो.

तथापि नकाशात उमटलेली विहीर सर्वांची असते काय, हा फुले यांच्या हौदाने विचारलेला प्रश्न शिल्लकच होता. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात एक ठराव मांडला व तो संमत झाला. सरकारी अथवा सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांस वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. हा ठराव म्हणजे नगरातील सार्वजनिक सोयींची एक यादीच होती. त्याला अनुसरून १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले. परंतु कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासह आलेले हजारो लोक त्या तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. पुढील न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरील सर्वांचा अधिकार मान्य केला. 'सार्वजनिक' या शब्दाची व्याख्या महाराष्ट्राने कोशात पाहून केली नाही. ती तळ्याच्या काठी ठरली.

स्वातंत्र्यानंतर अधिकाराची बाजू संविधानाने भक्कम केली, पण माहितीची बाजू दीर्घ काळ मागेच राहिली. सीमा आणि किनारा यांच्या नकाशांवरील संरक्षणविषयक निर्बंध समजण्यासारखे होते. परंतु त्यांची सावली शहरांच्या साध्या नकाशांवरही पडली. तपशीलवार नकाशा मिळविणे ही सामान्य माणसाच्या आवाक्यातील गोष्ट राहिली नाही. दरम्यान शहरे फुगत गेली, आणि झोपडपट्ट्या व पदपथ यांवर राहणारी लाखो माणसे अधिकृत चित्राच्या बाहेर राहिली. ज्या वस्तीची नोंद नाही तिला नळ नाही, आणि नळ नाही म्हणून ती वस्ती अधिकृत नाही, असा हा दुष्ट फेरा होता.

१९८५ साली मुंबईत पदपथावर राहणाऱ्या सुमारे ६,००० कुटुंबांची गणना 'स्पार्क' या संस्थेने त्याच लोकांच्या सहभागाने केली. तिच्या अहवालाचे इंग्रजी नावच 'आम्ही, अदृश्य' अशा अर्थाचे होते. हे लोक काल परवा आलेले नसून वर्षानुवर्षे शहराची कामे करीत तेथेच राहत आहेत, हे त्यातून दिसून आले. पुण्यात २००० च्या सुमारास शेल्टर असोसिएट्स या संस्थेने महापालिकेसाठी झोपडपट्ट्यांची पाहणी संगणकीय नकाशावर आणली. घर, नळ, गटार, संडास यांच्या नोंदी त्या त्या ठिकाणाशी जोडण्यात आल्या. या पाहणीत वस्तीतील स्त्रियांचा सहभाग होता; सोहोत जे काम व्हाइटहेड यांच्या ओळखीने केले, तेच येथे या स्त्रियांच्या ओळखीने केले. कोणत्या नळाला पहाटे चार वाजता पाणी येते हे त्यांच्याइतके कोणत्याही उपग्रहास दिसत नाही.

याच सुमारास जगात एक मोठे स्थित्यंतर घडत होते. २ मे २००० रोजी अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या स्थाननिश्चितीच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली त्रुटी काढून टाकली, आणि हातात मावणाऱ्या लहानशा यंत्राने कोणासही आपले ठिकाण काही मीटरांच्या आत कळू लागले. ब्रिटनचे नकाशाखाते १७९१ पासूनचे, आणि त्याच्या नकाशांवर राजसत्तेचा स्वामित्वहक्क असे. जनतेच्या पैशाने केलेली मोजणी जनतेने पुन्हा विकत घ्यावयाची, हे स्टीव्ह कोस्ट या तरुणाला पटले नाही. २००४ साली लंडनमध्ये त्याने ओपनस्ट्रीटमॅप या उपक्रमाचा आरंभ केला. कोणीही आपल्या रस्त्याची नोंद करावी, कोणीही ती तपासून दुरुस्त करावी आणि कोणीही ती वापरावी, हा त्याचा नियम. रस्त्यांबरोबर दवाखाने, शाळा, पाण्याचे नळ, बसथांबे, स्वच्छतागृहे त्यावर येऊ लागली. ठिकाणांची नावे देवनागरीत लिहिण्याचीही त्यात सोय आहे. २०१० च्या एप्रिलपासून ब्रिटिश नकाशाखात्यानेही आपल्या माहितीचा काही भाग खुला केला.

या खुल्या नकाशाचे मोल संकटाच्या वेळी जगाच्या ध्यानी आले. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा तेथील राजधानीचा उपयोगी पडेल असा नकाशा उपलब्ध नव्हता. निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून थोड्या दिवसांत तो उभा केला आणि मदतपथके त्यावर विसंबून फिरली. त्याआधी काही महिने, २००९ साली, केनियाच्या नैरोबी शहरातील किबेरा या दाट वस्तीतील तरुणांनी आपल्या पाणपोया, शौचकूप, शाळा व दवाखाने स्वतः हिंडून नोंदविले होते. तोवर नकाशांवर ती वस्ती कोरीच असे. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या महापुरात, पाण्याखाली गेलेले रस्ते नागरिकांनी अशाच खुल्या नकाशावर दाखविले.

भारतात शासनाचे पाऊल हळूहळू, परंतु निश्चितपणे, याच दिशेला पडले. २००५ मध्ये राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणाचे नकाशे आणि सर्वांसाठीचे नकाशे असे दोन वर्ग केले. त्याच वर्षी माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, आणि मागण्यापूर्वीच माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य त्याने कचेऱ्यांवर घातले. महाराष्ट्राने त्या आधीच, २००२ मध्ये, आपला कायदा केला होता. २०१२ मध्ये शासकीय आकडेवारी खुली करण्याचे धोरण ठरले. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नकाशे आणि भौगोलिक माहिती तयार करण्यावरील पूर्वपरवानगीचे बंधन भारतीय संस्थांपुरते दूर केले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण अधिसूचित झाले. १७६७ पासून सरकारी कपाटात असलेली किल्ली अशा रीतीने सैल झाली.

मग आता काय उरले, असा प्रश्न साहजिकच येतो. उरले ते पुष्कळ आहे. कारण नकाशावरचा ठिपका सोय कोठे आहे ते सांगतो, ती कोणाच्या उपयोगी पडते ते सांगत नाही. २०११ मध्ये मुंबईतील संघटनांनी स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी मोहीम उघडली. पुरुषांना मुताऱ्या फुकट वापरता येत, स्त्रियांना मात्र त्याच गरजेसाठी पैसे मोजावे लागत. अनेक ठिकाणे कुलूपबंद, अंधारी वा पाण्यावाचून होती. पालिकेच्या यादीत ती सारी 'स्वच्छतागृहे' म्हणूनच मोजली जात असत. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने गूगलच्या सहकार्याने स्वच्छतागृहे नकाशावर दाखविण्यास सुरुवात केली, तेव्हा आरंभीच्या शहरांत गेडिस यांचे इंदूरही होते. ते ठिपके उपयोगी आहेत यात शंका नाही. तथापि स्वच्छतागृह रात्री उघडे असते काय, दार आतून लागते काय, चाकाच्या खुर्चीवरील माणसास आत जाता येते काय, या प्रश्नांची उत्तरे ठिपक्याला तेथे राहणारा नागरिकच जोडू शकतो. म्हणून माहिती पाहण्याच्या मुभेइतकीच ती दुरुस्त करण्याची मुभा महत्त्वाची आहे.

खुलेपणाचा लाभ सर्वांना सारखा मिळतो, असेही समजण्याचे कारण नाही. कर्नाटकात 'भूमी' या योजनेखाली शेतजमिनीचे लक्षावधी उतारे संगणकावर आले आणि तलाठ्याच्या दप्तरावरील मक्तेदारी कमी झाली. पण २००७ मध्ये काही अभ्यासकांनी दाखवून दिले, की या सुलभतेचा फायदा बंगळूरभोवती जमिनी खरेदी करणाऱ्या बड्या लोकांनी अधिक उचलला. ज्याच्याकडे माहिती वापरण्याचे सामर्थ्य आहे, तोच प्रथम पुढे सरकतो. यावर उपाय माहिती पुन्हा कुलपात टाकणे हा नव्हे. ज्यांना ती वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत ती त्यांच्या भाषेत, त्यांच्या वस्तीतील शाळेत आणि वाचनालयात पोहोचविणे, हा आहे. त्याचबरोबर नळ, दिवे, दवाखाने यांची माहिती उघडी आणि माणसांच्या घरादाराची खाजगी माहिती सुरक्षित, ही सीमाही कसोशीने राखली पाहिजे. बूथ यांचा काळा रंग विसरून चालणार नाही.

अखेर नोंद झाली म्हणजे न्याय झाला असेही नाही. मुंबईत ठरावीक तारखेनंतर वसलेल्या झोपडपट्ट्यांना पालिका पाणी देत नसे. या वस्त्या कोठे आहेत हे पालिकेस ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे मानून अशा वस्त्यांसाठीही पाणीपुरवठ्याचे धोरण आखण्याचा आदेश दिला. महाडच्या तळ्याची ही पुढची पायरी होय.

ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची कहाणी पूर्ण झाली ती आकडे छापणाऱ्या कचेरीमुळे, घरोघर हिंडणाऱ्या डॉक्टरमुळे, वस्ती ओळखणाऱ्या धर्मोपदेशकामुळे आणि सांगितलेले ऐकून दांडा काढण्याचा हुकूम देणाऱ्या स्थानिक मंडळामुळे. या चौघांपैकी एक जरी कमी असता, तरी तो नकाशा एक रेखाचित्र होऊन राहिला असता. आजच्या नगराला यंत्रे आणि उपग्रह लाभले आहेत. नळ कोठे आहे, तो कधी चालतो आणि तो बंद पडल्यास जबाबदार कोण, हे महापालिकेने दिनांकासह प्रसिद्ध करावे. नागरिकाने ते वाचावे, चूक दिसल्यास कळवावे, आणि कळविलेली चूक ठरावीक मुदतीत दुरुस्त व्हावी. एवढे जेथे नेमाने घडेल, तेथील नकाशाला नागरिकांचा नकाशा म्हणता येईल.